कमी लाकडात चालणारं इंजिन

कल्याणला ताईच्या घरी राहायला गेलो तेव्हा सुरुवातीला मला त्या घराची रीतच उमगत नव्हती. माणसं बोलायची कमी आणि हलायची जास्त. ताईला भावोजींना काही सांगायचं असलं की ती चुलीपुढून उठायची, हात पदराला पुसायची, माजघर ओलांडून पडवीत जायची, त्यांच्या अगदी समोर उभी राहायची आणि मग बोलायची. इतर बायका बसल्या जागेवरून ‘अहो, ऐकलंत का’ म्हणतात. आमची आईही तसंच म्हणायची. ताईच्या तोंडून ते शब्द त्या घरात मी एकदाही ऐकले नाहीत. तिची दोन्ही पोरं बापाला हाक मारत नसत, धोतराचा सोगा धरून ओढत. मला वाटलं, हे कल्याणचं वळण असेल. मुरबाडकडच्या माणसाला कल्याणच्या बऱ्याच गोष्टी तेव्हा नव्या होत्या, त्यातलीच ही एक.

मी एकोणीस वर्षांचा होतो. मुंबईला एका कारखान्यात दोन वर्षं एका म्हाताऱ्या पारशी मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनं खोलायला आणि बसवायला शिकलो होतो. पण हिवतापानं इतका पोखरलो की मिस्त्रीनंच सांगितलं, ‘दीकरा, घरी जा, जिवंत राहिलास तर परत ये.’ घरी आलो तो नुसता सांगाडा. महिनाभरानं जरा अंगात रक्त दिसायला लागल्यावर आईनं मला ताईकडे धाडलं. ताईचे यजमान गोविंदराव, म्हणजे आमचे भावोजी, खाडीकाठच्या भाताच्या गिरणीत इंजिनवाले होते. जातीनं आम्ही लोहार. भावोजींच्या वडिलांनी जन्मभर कोयते घडवले. भावोजींनी मात्र वाफेचं इंजिन पाहिलं आणि भाता सोडला. कल्याणात त्यांचं नाव होतं. गिरणीचं इंजिन कुठं दुखलं की ते नुसत्या कानानं सांगतात, अशी त्यांची ख्याती. त्यांनी शेठला सांगून मला गिरणीत लावून घेतलं.

ताईचं घर पारनाक्याच्या मागच्या गल्लीत होतं, दोन खण आणि एक पडवी. पण तिथवर इंजिनाचा ठोका स्पष्ट ऐकू यायचा. धप्प, फस. धप्प, फस. एक जड, एक हलका. एखादा लंगडा माणूस लाकडी जिन्यावरून चढतो आहे असं वाटायचं. ताईचा सगळा दिवस त्या ठोक्यावर चालायचा. सकाळी ठोका सुरू झाला की ती वाल निवडायला बसायची. दुपारी थांबला की भाताचं भांडं उतरवून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि आम्ही दारात येईपर्यंत शेवटची भाकरी तव्यावर फुगलेली असायची. सोबत सुक्या बोंबलाचं कालवण नाहीतर बिरडं. मुंबईच्या खाणावळीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला ते जेवण म्हणजे काय होतं ते सांगता येणार नाही. मी जेवत असे आणि भावोजी माझ्या ताटाकडे पाहून ताईला बोटानं खूण करत, आणखी वाढ. बोलत मात्र नसत. पूर्वी हा माणसाळू माणूस. ताईच्या लग्नात त्यांनी आमच्या ओटीवर बसून रात्रभर झांजा वाजवल्या होत्या. आता गल्लीतल्या भजनालाही जात नव्हते. शेजारचे म्हणत, गोविंदाला इंजिनाची ऐट आली आहे, रस्त्यात हाक मारली तरी थांबत नाही. मलाही वाईट वाटायचं. आपला भावोजी असा का झाला?

माझा नातू हल्ली मुरबाडच्या रस्त्यावर मोटारलॉरी चालवतो. पेट्रोल फार जळायला लागलं की तो झाकण उघडून मला बोलावतो, मी काठी टेकत जातो, आणि तो एक बारकासा स्क्रू पाव फेऱ्यानं फिरवत विचारतो, ‘आजोबा, आता? आता?’ मी ऐकून सांगतो, पुरे. पोराला वाटतं म्हाताऱ्याला यात मौज येते. येते, नाही असं नाही. पण दर वेळी हात स्क्रूवर जाण्याआधी मी त्याला विचारतो, हा असा कुणी लावला होता आणि का लावला होता? तो हसतो. त्याला काय ठाऊक.

तर गिरणीतलं ते लंगडं इंजिन. पहिल्याच दिवशी मला त्याचा दोष कळला, आणि कळल्यामुळेच मी गोंधळलो. वाफेच्या इंजिनात दट्ट्या पुढे-मागे होतो. वाफ एकदा या टोकानं आत शिरते, एकदा त्या टोकानं. आत घ्यायची कधी आणि दार लावायचं कधी हे एक सरकती झडप ठरवते. शहाणपण एवढंच की थोडी वाफ आत घेऊन दार लवकर लावावं. कोंडलेली वाफ फुगते आणि उरलेलं अंतर दट्ट्याला आपणच ढकलत नेते. दार उशिरापर्यंत उघडं ठेवलं तर तेवढ्याच कामाला दीडपट वाफ जाते, आणि वाफ म्हणजे लाकूड. या इंजिनाची झडप एका अंगाला सरकलेली होती आणि त्या बाजूचं दार उशिरा लागत होतं. म्हणून तो जड ठोका. हे शिकाऊ पोरालाही कळावं, मग कानानं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला कळत नव्हतं?

मी जेवताना विषय काढला. “भावोजी, झडप सरकलीय. तासाभराचं काम आहे. लाकूड बरंच वाचेल.”

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाले, “जेव.”

“पण भावोजी...”

“ते आहे तसं राहू दे, दामू.”

ताईनं माझ्या ताटात न मागता भात वाढला आणि डोळ्यांनी मला गप्प केलं. मी गप्प बसलो. मोठ्या माणसाला त्याच्याच धंद्यातली चूक दाखवली म्हणून राग आला असेल, असं मी मनाशी म्हटलं.

गिरणीत भट्टीवर चांगा होता, कोनगावकडचा आगरी, चाळिशीचा, उन्हानं आणि आगीनं काळा ठिक्कर पडलेला. आधी मिठागरात होता. लाकूड टाकायचं, राख ओढायची, वाफेच्या बंबावरच्या पाण्याच्या काचेवर डोळा ठेवायचा, ही त्याची कामं. भावोजींचं आणि त्याचं चालायचं ते सगळं खुणांवर. दोन बोटं वर, पाणी सोड. मूठ, लाकूड थांबव. गिरणीच्या गलक्यात सगळेच खुणांनी बोलतात म्हणून मला त्यात वावगं दिसलं नाही. एकच विचित्र वाटायचं. गिरण बंद असतानासुद्धा चांगा त्यांच्याशी खुणांनीच बोलायचा.

पुढं एके दिवशी शेठ लाकडाच्या राशीपाशी येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, पण त्या वर्षी मुरबाडकडून येणाऱ्या गाड्या कमी झाल्या होत्या आणि लाकूड महागलं होतं. त्यानं भावोजींना समोर बोलावून सांगितलं, “गोविंदा, भिवंडीवाल्याचं इंजिन आपल्याएवढंच. त्याला एवढं लाकूड लागत नाही. तुझं इंजिन खातं का तुझा आगवाला खातो, मला ठाऊक नाही. पुनवेपर्यंत बघतो. नाहीतर मुंबईहून माणूस आणतो.” भावोजींनी मान हलवली. चांगा मागं उभा होता. चोर म्हणवून घेऊनही तो एक शब्द बोलला नाही. मला दोघांचाही राग आला. अरे, तासाभराचं काम. एक पाना आणि एक माणूस. कशासाठी हे दोघं आपली भाकरी घालवतायत?

अमावास्येला गिरण बंद असायची. त्या दिवशी ठाण्याला भावोजींच्या चुलतभावाकडे श्राद्ध होतं. ताई, भावोजी, पोरं सकाळच्या गाडीनं गेली. मी आणि चांगा बंब धुवायला गिरणीत आलो. बंब धुऊन झाल्यावर मी पाना घेतला आणि झडपेच्या पेटीचं झाकण खोलायला लागलो.

चांगा येऊन शेजारी उभा राहिला. “काय करतंस?”

“सरळ करतो.”

“नको हात लावूस दामू. हाय तसा बरा हाय.”

“पुनवेला मुंबईचा माणूस आला म्हणजे? मग बरा राहील?”

“मंग येल तवा येल.”

“लाकूड वाचेल, चांगा. तुझं नाव चोरीत येणार नाही.”

तो जरा वेळ काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, “मना बोलाचा नाय. गोविंदाला इच्यारल्याबिगर हात लावू नको, एवढा सांगतंय.” आणि बाहेर जाऊन खाडीकडे तोंड करून बसला.

मी हात लावला. झाकणाखाली मला जे दिसलं त्यानं आणखीच चक्रावलो. झडप आपोआप सरकलेली नव्हती. दांड्यावरचे दोन्ही नट व्यवस्थित आवळलेले होते आणि पुढं सरकू नयेत म्हणून त्यांच्याखाली पत्र्याची पट्टी सफाईनं कापून बसवली होती. लोहाराच्या हाताची पट्टी. म्हणजे कुणीतरी हे असंच असावं म्हणून असं लावलं होतं. मी पाना हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. शेवटी मनाशी ठरवलं की कोणत्या तरी जुन्या अडचणीसाठी भावोजींनी हे केलं असेल आणि मग विसरले असतील. माणूस स्वतःला पाहिजे तेच उत्तर काढतो. मी पट्टी काढली, झडप मध्यावर आणली, दार लवकर लागेल असं जुळवलं, हातानं मोठं चाक फिरवून दोन्ही टोकांना तपासलं. पारशी मिस्त्री असता तर पाठीवर थाप मारली असती.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि मला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. फस, फस, फस, फस. मांजर पायरीवरून उतरावं तसं. गिरणीतल्या तांदूळ पाखडणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. मी भावोजींकडे पाहिलं. ते इंजिनाच्या कठड्याशी उभे होते. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. अनवाणी पाय फरशीवर दाबून उभे राहिले. मग दुसऱ्या जागी जाऊन तसेच उभे राहिले. मग तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवला, भाजेल इतका वेळ. अंधारात वस्तू चाचपावी तसं ते सगळं चाललं होतं. मी शाबासकीची वाट पाहत होतो. ते माझ्याजवळून तसेच पुढं गेले.

संध्याकाळी शेठ आला. उरलेलं लाकूड पाहून त्यानं पेढे मागवले आणि पहिला भावोजींच्या हातावर ठेवला. “मी म्हणत होतोच, तुझ्या कानाला तोड नाही.” भावोजींनी पेढा मुठीत धरला. घरी येऊन पोरांना दिला. ताईला मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की काम मी केलंय, पण नाव भावोजींचंच राहू दे. मला वाटलं, ती खूश होईल. ती चुलीपुढं बसली होती. तिचा चेहरा असा झाला की मला आपण काही चोरून आणलं आहे असं वाटायला लागलं. ती म्हणाली, “सकाळपासून मला ठोका नीट ऐकू येत नव्हता. मला वाटलं वारा फिरलाय.” बस, एवढंच. त्या घरात काय चाललं होतं ते मला काही केल्या कळेना. चांगलं केलं तर सगळे असे का वागतात?

चौथ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीला थोडा वेळ असताना, मी वरच्या माळ्यावर भाताची पोती ओतत होतो. खालून आवाज बदलला. इंजिनाचा वेग आवरायला दोन फिरते गोळे असतात, त्यांचा लहानसा पट्टा तुटला होता. आवरणारं काही उरलं नाही आणि इंजिन उधळलं. आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला. पाखडणाऱ्या बायका सुपं टाकून भिंतीला जाऊन चिकटल्या. मी शिडीवर आलो. खाली भावोजी इंजिनाकडे पाठ करून तेलाची झारी भरत होते. शांतपणे. धार सरळ पडते आहे ना, ते बघत. त्यांच्या मागं ते चाक भिंगरीसारखं फिरत होतं आणि ते झारी भरत होते.

मी ओरडलो. मग पाहिलं की भट्टीच्या दारातून चांगानं एक ओंडका उचलला आणि नेम धरून भावोजींच्या पाठीत मारला.

ते पुढं कोलमडले, वळले, समोर पाहिलं आणि एका झेपेत वाफेची चावी बंद केली. पण तेवढ्यात गिरणी फिरवणारा मोठा पट्टा चाकावरून सुटला होता. तो चाबकासारखा फिरून बायका बसतात त्या जागेवरून गेला. सुपं, पाट, मडकं, सगळं भिंतीवर. बायका भिंतीशी होत्या म्हणून वाचल्या. आवाज ऐकून त्या आधीच उठल्या होत्या. सगळ्यांनीच ऐकला होता.

मी शिडी उतरून आलो तो चांगाच्या अंगावर गेलो. “मारलंस त्यांना? अरे, मेले असते.”

चांगा म्हणाला, “मंग काय करू? हाक मारू? दोन वरसा झाली, त्याला हाक आयकू येत नाय. ठोका पायाला समजायचा. जास्ती झाला, कमी झाला, पायाला समजायचा. त्याच्यासाठी त्यानी तसा लावला व्हता. तू त्यो काढलास.”

भावोजी खाली फरशीवर बसले होते, एक हात पाठीवर. ते आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होते. आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळलं होतं.

घरी त्या दुपारी कुणी जेवलं नाही. ताई हळद गरम करून त्यांच्या पाठीला लावत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, “मला सांगायचं होतंत.”

ताई मान न वळवता म्हणाली, “तू विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं ताई. जेव म्हणाले.”

ती पुन्हा हळद लावायला लागली. मी भावोजींच्या समोर जाऊन बसलो आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणालो, “उद्या होतं तसं करून देतो. पट्टी मी ठेवलीय.”

त्यांनी मान हलवली. “शेठनं लाकडाची रास पाहिलीय, दामू. आता परत जास्त लागलं तर चांगा चोर ठरेल.” मग म्हणाले, “आणि आज बायका वाचल्या. उद्याचं कोण सांगेल? मी सहा महिन्यांपूर्वीच सोडायला पाहिजे होतं. रोज वाटायचं, अजून चालतंय.”

ते बोलताना आवाज फार मोठा लागत होता. आजवर ते कमी का बोलत होते हे मला तेव्हा कळलं. स्वतःचा आवाज केवढा निघतो ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः शेठकडे गेले. मला बरोबर नेलं. ओटीवर उभं राहून सांगितलं, “मला ऐकू येत नाही. इंजिन या पोरानं जुळवलंय. याच्या हाती द्या.” शेठनं माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यानं वाईट शब्द काढला नाही, थांब असंही म्हटलं नाही. मी तिथं उभा होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं. भावोजींची नोकरी वाचवायला मी पाना उचलला होता आणि आता तीच नोकरी माझ्या हातात होती. नाही म्हणावं तर घरात चूल कशावर पेटणार? हो म्हणावं तर ताईच्या समोर कसं बसणार? मी हो म्हणालो असं नाही. मी नाही म्हणालो नाही, एवढंच.

भावोजी ठाण्याला चुलतभावाच्या भट्टीवर गेले. खाडीवरच्या होड्यांना खिळे, साखळ्या, नांगर लागायचे. घणापाशी बहिऱ्या माणसाचं काही अडत नाही, उलट जे बहिरे नसतात तेही होतात. ताई आणि पोरं कल्याणलाच राहिली. मी गिरणीत जायचो. ठोका मऊ झाल्यामुळे घरी ऐकू येईनासा झाला होता, त्यामुळे भाकरी कधी फार लवकर व्हायची, कधी फार उशिरा. ताई वाढायची, पाणी द्यायची, विचारलं तर उत्तर द्यायची. आपण होऊन बोलायची नाही. असे चार महिने गेले. मी चुकलो होतो का? रोज इंजिन पुसताना वाटायचं, नाही. रोज ताटावर बसताना वाटायचं, हो. आज इतक्या वर्षांनीही मी इंजिनाजवळ एक बोलतो आणि जेवताना दुसरं.

एका अमावास्येला मी ठाण्याला गेलो. भट्टी चेंदणीच्या बाजूला, खाडीच्या वासात. भावोजी होडीच्या नांगराचा आकडा वाकवत होते. मला पाहून घण खाली ठेवला, पाणी प्यायला दिलं. मी काय काय बोलायचं ते गाडीत जुळवून आणलं होतं. समोर बसलो, ओठ नीट हलवले, “भावोजी, माझ्यावर...” एवढंच म्हणालो असेन. त्यांनी हातानं थांबवलं.

“लाकूड किती लागतंय आता?”

मी बोटांवर सांगितलं. त्यांनी विचार केला, मग कोळसा घेऊन जमिनीवर गिरणीच्या भट्टीची जाळी काढली, गज मोजून. मागच्या चार गजांवर आडवी रेघ ओढली. “इंजिन आता पूर्वीएवढी वाफ मागत नाही ना. मग एवढी आग कशाला? मागचे चार गज विटांनी बंद कर. फुकटचा वारा आत जातोय, बंब थंड करतोय. चांगाला सांग, लाकूड पुढंच टाक.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समजलं का म्हणून. मी मान हलवली. मग त्यांनी घण उचलला आणि लोखंड तापलं होतं म्हणून ते कामाला लागले.

मी तसं केलं. विटा चांगानं लावल्या. लाकूड आणखी उतरलं. संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले आणि कुणाला उद्देशून नाही असं म्हणालो की भावोजींनी सांगितलेलं लागू पडलं. ताई पाट मांडत होती. ती थांबली.

“मग त्यांना कार्ड टाक,” ती म्हणाली. “वाचता येतं त्यांना.”

मी दौत आणायला उठलो.